केवळराम पेंटरची भट्टी

साकोलीत केवळराम पेंटरचं दुकान शोधायला पाटी वाचावी लागत नाही. हायवे सोडून लाखांदूरच्या रस्त्याला लागायचं, ट्रकांचे हॉर्न जरा थांबू द्यायचे आणि कान द्यायचा. खोकला ऐकू आला की त्या दिशेनं चालायचं. ही थट्टा त्याच्या गिऱ्हाइकांनीच काढली, तीही त्याच्या तोंडावर. केवळराम हसायचा. हसला की पुन्हा खोकायचा, आणि थट्टा करणारा ओशाळून दुसरीकडे बघायचा.

माणूस जवळच्याच एका खेड्यातला, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, असलेल्या घरातला. पण शेतीत त्याचा जीव कधी रमला नाही. गावात शंकरपट, बैलांच्या शर्यती, भरायच्या तेव्हा बाकीची पोरं बैलांकडे बघत, हा छकड्याच्या चाकांकडे बघायचा. कुणाच्या चाकाला कुठला रंग, आऱ्यांवर वेल काढलीय की नुसते पट्टे, चाक पळायला लागलं की तो रंग कसा दिसतो, हे त्याला तोंडपाठ. मोठा झाल्यावर त्यानं पटाचे छकडे रंगवले, मग किराणा दुकानांच्या पाट्या, मग ट्रकांच्या पाठीवरच्या शेरोशायऱ्या. फ्लेक्सच्या छपाईनं पाट्यांचा धंदा बसवला तेव्हा तो मोटारींकडे वळला, आणि मोटारींतही त्याचा हात चाकांवरच बसला. आपल्याकडची माणसंही अशी आहेत की इंजिनातलं तेल बदलायला वर्षभर टाळाटाळ करतील, पण लग्नसराईत चाक झळकलंच पाहिजे. नवरदेवाचे दात किडलेले चालतात, वरातीच्या गाडीचं चाक काळवंडलेलं चालत नाही. केवळरामचं पोट त्या हौसेवरच भरत होतं, त्यामुळे त्यानं कधी तक्रार केली नाही.

चाक रंगवायची त्याची एक रीत होती आणि ती त्याची स्वतःची होती. चाक ज्या नटांनी गाडीला आवळतात, त्या नटांची भोकं तो आधी मातीनं बुजवायचा. गावच्या बोडीतली, लहानशा तळ्यातली, चिकण माती आणायची, मळून लोण्यासारखी मऊ करायची, तिचे गोळे भोकांत दाबून बसवायचे आणि मग रंगाची गन चालवायची. रंग वाळला की काडीनं गोळे उपटायचे. आत कोरं लोखंड. "नट लोखंडावर बसला पायजे, रंगावर नाई," असं तो सांगायचा. त्यामागचं कारण त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही फार खोलात जाऊन कधी विचार केला नाही. कारण घाईगडबडीत माती राहिली, भोकात थोडा रंग गेला, तरी आजवर काही बिघडलं नव्हतं. रंगाचा थर तो केवढा! नट आवळला की चुरा होऊन निघून जायचा.

बिघडलं ते त्याच्या छातीत. मोटारींचा चांगला रंग नुसता रंग नसतो. त्यात हार्डनर कालवावा लागतो, मग तो काचेसारखा कडक होतो. त्याचा फवारा उडाला की टिनाच्या शेडमध्ये धुकं पसरायचं आणि केवळराम तोंडाला दुपट्टा गुंडाळून त्या धुक्यात दिवसभर उभा असायचा. संध्याकाळी बायको शकुनबाई तो दुपट्टा धुवायची तेव्हा बादलीतलं पाणी कधी निळं व्हायचं, कधी लाल. पाणी रंगतंय म्हणजे दुपट्ट्यानं रंग अडवला, असं दोघांनाही वाटायचं. जो अडवला नाही तो कुठे गेला, हे भंडाऱ्याच्या छातीच्या डॉक्टरनं सांगितलं. त्यानं केवळरामला मशीनमध्ये फुंकायला लावलं, फोटो पाहिला आणि विचारलं, "काम काय करता?"

"गाड्यायचे चाकं रंगवतो जी."

"आता नाही रंगवायचे. या हार्डनरची तुमच्या फुप्फुसांना कायमची ॲलर्जी झालीय. थोडासुद्धा वास चालणार नाही. मी औषध देईन, पण तुम्ही गन धरली तर माझं औषध वाया जाईल."

केवळरामनं गन ठेवली, आणि ती अपेक्षानं उचलली. अपेक्षा ही त्यांची एकुलती एक मुलगी. आयटीआयमध्ये पेंटरचा कोर्स केलेली, वर्गात मुलगी म्हणून एकटीच. "बाबा, तुमी बाहेर खुर्चीवर बसा. रंग तुमी सांगा, हात माह्या चालते," असं म्हणून ती कामाला लागली आणि वर्षभरात बापाच्या पुढे गेली. तिनं मारलेल्या रंगात ना ओघळ, ना दाणा. गिऱ्हाइकं आधी 'पोरगी रंगवणार का' म्हणून नाकं मुरडत, नंतर 'पोरीलाच सांगा' म्हणू लागली. केवळराम रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसायचा आणि त्याची छाती, जेवढी शिल्लक होती तेवढी, अभिमानानं भरून यायची. तिच्यासाठी त्यानं नागपूरहून गाळणीचे डबे लावलेला चांगला मास्क आणला होता. पण भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात टिनाखाली तो मास्क घालून उभं राहून बघा. सकाळी ती तो घालायची. दुपारी त्यात घामाचं पाणी साचलं की काढून ठेवायची आणि ओढणी बांधायची.

एका हिवाळ्यात सकाळी चहा पिताना अपेक्षा खोकली. कोरडं, घशाच्या तळातून, थांबून थांबून.

"थंडीनं हाय," शकुनबाई म्हणाली. "तुळशीचा काढा करून देतो."

केवळरामनं कप खाली ठेवला. तो खोकला त्याच्या ओळखीचा होता. त्याचा स्वतःचा अस्साच सुरू झाला होता आणि त्यालाही घरानं थंडीचंच नाव दिलं होतं. त्या दिवशी त्यानं मनाशी गाठ मारली की या पोरीच्या हातातून गन काढायची, मग काहीही होवो.

त्या गाठीतून भट्टी आली. पावडर कोटिंगचं त्यानं ऐकलं होतं. नागपूरला एक लहानसा कारखाना बंद पडत होता, तिथली जुनी भट्टी त्यानं ट्रकवर लादून आणली. यात रंग पातळ करायचा नाही, हार्डनर नाही, धुकं नाही. चाक घासूनपुसून टांगायचं, त्यावर कोरडी पावडर विजेच्या जोरावर चिकटवायची आणि भट्टीत भाजायचं. पावडर वितळून चाकावर कातडीसारखी बसते. दगड लागला तरी सहजासहजी टवका उडत नाही. पहिलं चाक निघालं त्या दिवशी केवळराम शेडच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्यानं मुद्दाम मोठा श्वास घेतला. खोकला आला नाही. त्यानं दुसरा घेतला. बायकोकडे वळून म्हणाला, "या घरात आता कोनी रंगाची गन धरनार नाई."

होळीपर्यंत अपेक्षाचा खोकला गेला. केवळराम रोज सकाळी चहाच्या वेळी कान देऊन बसायचा आणि काही ऐकू आलं नाही की त्याचा दिवस चांगला जायचा.

सगळ्यांना भट्टी आवडली असं नाही. रस्त्यापलीकडे टिकारामचं टायर-पंक्चरचं दुकान होतं. टिकाराम त्याच्याच वयाचा, जुना दोस्त, आणि तोंडाचा फाटका. तो दर चार दिवसांनी येऊन भट्टीला नावं ठेवायचा.

"काय गा केवळ्या, मॅगव्हील कायले भाजून राहिला? ते लोखंड नोहे, जर्मनचं हाय. जर्मनचं भांडं चुलीवर इसरलं का कसं बसते, मालूम हाय ना?"

"ही चूल नोहे. गर्मीचा काटा लावला हाय तिले."

"काटा त कारखान्यातही होता. मंग थो कारखाना बंद काहून पडला?"

केवळराम चिडायचा, पण अपेक्षानं ती गोष्ट मनावर घेतली. तिनं चौकशी केली. जास्त तापलं किंवा पुन्हा पुन्हा भाजलं तर मॅगव्हीलची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या चाकाची, ताकद जाते, हे खरंच निघालं. मग तिनं भट्टीत वेगळा थर्मामीटर लावला, मॅगव्हील बेतानंच आणि एकदाच भाजायचं ठरवलं, आणि ज्याला चीर असेल किंवा वेल्डिंग केलेलं असेल ते चाक सरळ परत करायला लागली. ज्याची भीती होती तिकडे असं सगळ्यांचं लक्ष लागलं. ज्याची नव्हती, ते मातीच्या गोळ्यात होतं.

झालं असं, की बोडीची माती भट्टीत टिकेना. तापली की ती तडकायची, तिचे कण उडून वितळलेल्या थरात बसायचे आणि चाक निघायचं ते गोवर आल्यासारखं. पहिल्या गिऱ्हाइकानं ते बघून तोंड वाकडं केलं. अपेक्षानं विचारलं, "बाबा, मातीबिगर भाजू का? भोकं उघडीच ठेवतो."

केवळरामनं आपल्या साऱ्या आयुष्याच्या अनुभवावरून उत्तर दिलं. "ठेव. रंग जातेच भोकात कवामवा. नट आवळला का निघून जाते."

पोरीनं बापाच्या शब्दावर भरवसा ठेवला. रंगाच्या बाबतीत बापाचा शब्द चुकल्याचं तिनं कधी पाहिलं नव्हतं. आता भोकाच्या आत नट टेकतो त्या वाटीतसुद्धा पावडर बसू लागली आणि चाक आतून-बाहेरून एकसारखं झळकायला लागलं. गिऱ्हाइकं खूश झाली. लग्नसराई तोंडावर होती. आजूबाजूच्या गावांतूनच नाही, पार अड्याळकडूनही गाड्या यायला लागल्या.

मग एक दिवस टिकाराम आला तो न बोलता बसला. टिकाराम न बोलता बसला म्हणजे काहीतरी नक्की बिनसलेलं असतं.

"एक गाडी आलती पंचरले," तो शेवटी म्हणाला. "तुह्या भट्टीचं चाक. पाना लावायची गरज नाई पडली. नट बोटानं फिरले."

"तुह्याच दुकानातल्या कोनी आवळले नसन बराबर."

"माह्या दुकानात मीच आवळतो, केवळ्या."

"मंग म्हातारा झाला तू."

टिकाराम हसला नाही. उठून गेला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, दुसऱ्या गाडीची तीच गोष्ट घेऊन.

त्याच दिवशी दुपारी मायलेकी बाजारात गेल्या होत्या. एक गुरुजी आपली गाडी अंगणात लावून कामाला गेले होते. तिची चाकं भट्टीतूनच निघालेली. केवळरामनं पाना घेतला, धापा टाकत एक चाक उतरवलं आणि भोकाच्या वाटीत बोट घातलं. रंग असता तर केव्हाच चुरा होऊन गेला असता. ही पावडर गेली नव्हती. जाड, चिवट थर तिथेच होता. नटाखाली दबून एका बाजूला सरकला होता, जसा मऊ भाकरीवर अंगठा दाबावा. ब्रेकनं चाक तापत होतं, तापल्यावर थर दबत होता, आणि जेवढा थर दबे तेवढा नट मोकळा होत होता. नट लोखंडावर बसला पाहिजे, रंगावर नाही. आयुष्यभर लोकांना सांगितलेल्या वाक्याचा अर्थ त्याला त्या दुपारी पहिल्यांदा कळला.

त्यानं चाक परत चढवलं, नट होतील तेवढे आवळले आणि गाडीला टेकून जमिनीवर बसला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मायलेकी आल्या तेव्हा अपेक्षानं विचारलं, "काय झालं, बाबा?" तो म्हणाला, "काई नाई. ऊन लागलं."

इथे केवळराम चुकला, आणि ही चूक अजाणतेपणी झाली असं म्हणायची सोय नाही. त्याला सगळं दिसत होतं. पण त्याला आणखीही एक गोष्ट दिसत होती. अपेक्षाला सांगितलं तर ती त्याच दिवशी भट्टी बंद करणार. ती तशीच होती. गिऱ्हाइकाच्या चाकात केसाएवढी चीर दिसली तरी ते परत करणारी. भट्टी बंद झाली की चाकं पुन्हा रंगावर येणार, आणि पोरगी पुन्हा त्या धुक्यात. लोकांच्या चाकांचा विचार करताना त्याच्या कानात तिचा तो हिवाळ्यातला खोकला वाजायचा, आणि लोकांची चाकं मागे पडायची. बाप होता तो. एवढ्यानं त्याचं चुकलं नाही असं होत नाही, पण तो का चुकला ते समजतं.

मनाची समजूत काढायला त्यानं एक पळवाट शोधली. नव्या गिऱ्हाइकाला चावी देताना तो सहज बोलल्यासारखं सांगायचा, "आठ-पंधरा दिवसानं नट आवळून घेत जा. नवं काम हाय." कुणी ऐकायचं, बहुतेक जण मान हलवून विसरायचे. जी चाकं आधीच गेली होती त्यांच्या मालकांना तर त्यानं तेवढंही सांगितलं नाही. काय सांगणार? आणि का म्हणून? अर्धं सांगून माणूस दुसऱ्याला वाचवत नाही, फक्त स्वतःला झोप लागेल एवढी सोय करतो. केवळरामला तीही नीट लागत नव्हती.

आधी चाकं घेऊन गेलेल्यांत भय्याजी होता. नागझिऱ्याच्या जंगलाकडच्या एका गावचा, धानाचा व्यापार करणारा, भला माणूस. त्याच्या पुतण्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. घरच्या बायकांना सात सीटच्या गाडीत बसवून तो मुलीच्या गावी निघाला. नहराच्या, कालव्याच्या, कडेकडेनं जाणारा रस्ता. एका बाजूला नहर, दुसऱ्या बाजूला रिकाम्या बांध्या. मागचं चाक निघालं आणि गाडीच्या पुढे पळत गेलं. बायकांनी ते पाहिलं आणि कुणाचं असेल म्हणून आधी हसल्या, असं पुढे त्यांतलीच एक सांगत होती. गाडी बांधीत उतरून धुऱ्याच्या बांधावर आपटली. नहराकडे गेली असती तर साक्षगंधाच्या घरी बाराव्याचा मांडव पडला असता. बाकीच्यांना खरचटण्यावर भागलं. भय्याजीची बहीण चंद्रभागाबाई, नवरदेवाची आत्या, तिचा खुबा मोडला. तिला भंडाऱ्याला नेलं. या वयात मोडलेला खुबा म्हणजे बाई पुन्हा आपल्या पायानं विहिरीवर जाईल की नाही, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भय्याजी चार माणसं घेऊन साकोलीत आला. बातमी रात्रीच येऊन पोचली होती. केवळरामनं त्याला उतरताना पाहिलं आणि तो खुर्चीवरून उठला. पण ती माणसं त्याच्या दुकानाकडे वळलीच नाहीत. ती रस्ता ओलांडून टिकारामकडे गेली.

कारण सरळ होतं. त्याच आठवड्यात भय्याजीनं टिकारामकडे पंक्चर काढलं होतं. ते चाक टिकारामनं शेवटचं चढवलं होतं. नट ढिले राहिले तर दोष दुसऱ्या कुणाचा असणार? चोर सोडून संन्याशाला सुळी देताना लोकांना कधी फार विचार करावा लागत नाही.

"माह्या बहिनीचा पाय गेला," भय्याजीचा आवाज इकडपर्यंत येत होता. "तुले नट आवळता येत नाई तं दुकान कायले मांडून बसला गा?"

टिकाराम उभा होता. एकानं त्याचा पाना हिसकून रस्त्यावर फेकला. चहाच्या टपरीवरची माणसं गोळा झाली. ज्याच्या जिभेला एरवी हाड नाही, तो टिकाराम एक शब्द बोलत नव्हता. त्यानं फक्त एकदा रस्त्यापलीकडे, केवळरामकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. त्याला सगळं ठाऊक होतं. दोनदा येऊन त्यानंच सांगितलं होतं. आता एक बोट या दिशेला केलं असतं तरी तो सुटला असता. त्यानं ते केलं नाही.

केवळरामला ते सहन झालं नाही. शिवी सहन झाली असती, बोट दाखवलेलं सहन झालं असतं. दोस्ताचं गप्प राहणं सहन झालं नाही. त्याच्या मागे शेडमध्ये अपेक्षा चाक टांगत होती. त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. सकाळी चहाच्या वेळी ती खोकली नव्हती. मग तो रस्ता ओलांडून गेला.

"त्याले सोडा, भय्याजी," तो म्हणाला. दम लागला म्हणून थांबला. "नट त्यानं बराबरच आवळले असन. माह्या चाकात खोट हाय. नटाच्या भोकात पावडर रायली. थे दबते, मंग नट सुटते. मले मालूम होतं."

"मालूम होतं?" भय्याजीला आधी कळेचना. "कवापासून?"

"लय दिवसापासून."

भय्याजीनं त्याची कॉलर धरली. केवळरामनं सोडवायचा प्रयत्न केला नाही. त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो भय्याजीच्याच हातात वाकला. त्या माणसानं हात सोडले, ते दयेनं की किळसेनं, सांगता येत नाही. "तुह्या घरात पोरगी हाय ना रे," एवढंच तो म्हणाला, "माह्या गाडीत सहा बाया होत्या." आणि रडायला लागला.

गर्दीच्या मागे अपेक्षा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

ती घरी येऊन रडली नाही की ओरडली नाही. फोन घेऊन बसली आणि भट्टीतून गेलेलं एकेक चाक आठवून मालकांना फोन करत सुटली. "गाडी जिथं हाय तिथंच थांबवा. नट पाहा. चालवू नका." जे फोन उचलेनात त्यांच्या गावी टिकाराम मोटरसायकलनं गेला. गाड्या परत येऊ लागल्या. अंगणात रांग लागली. अपेक्षा एकेका भोकातली पावडर खरवडून कोरं लोखंड काढत होती आणि टिकाराम एकेक नट आवळत होता. कुणी शिव्या दिल्या, कुणी अंगणात थुंकलं. गुरुजी मात्र म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत," आणि ते ऐकून केवळरामला जास्तच शरमल्यासारखं झालं.

दुसऱ्या कुठल्या गाडीचं चाक निघालं नाही. पण गाडी घेऊन जाताना प्रत्येक जण एकच गोष्ट बोलला: आता ही भट्टी नको, पुन्हा रंगच मारून दे. साकोलीत बातमी पसरायला पाटी लागत नाही. आठवड्याभरात भट्टीचं नाव कुणी काढेना. 'भाजलेलं चाक' म्हटलं की माणसं कानाला हात लावू लागली. रंगाचं काम मात्र येत होतं. लग्नसराई कुणासाठी थांबत नाही.

एका दुपारी अपेक्षानं शेडमध्ये रंग कालवायला घेतला. हार्डनरचा डबा उघडल्याबरोबर वास दारापर्यंत आला. केवळराम दारात आडवा उभा राहिला.

"नको, बेटा. दुसरं काईबी करू. मी रोजीनं कामाले जातो."

"तुमाले चार पावलं चालवत नाई, बाबा."

"तू गन धरू नको म्हनून तं मी..." त्याला पुढे बोलवेना. "तुले सांगतलं असतं तं तू भट्टी बंद केली असती. मंग हेच झालं असतं."

अपेक्षानं ढवळणं थांबवलं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. आता तिनं नीट त्याच्याकडे पाहिलं.

"बंद कायले केली असती?" ती म्हणाली. "त्या भोकायले लावाच्या टोप्या भेटतेत, बाबा. रबरासारख्या. भट्टीत जळत नाई, तडकत नाई. मातीच्या जागी त्या लावल्या असत्या, अन् भोकं कोरी रायली असती. परवा चौकशी केली मी, नागपूरले मुठीनं भेटतेत. मले त्या दिवशी सांगतलं असतं तं दुसऱ्या दिवशी आनल्या असत्या."

केवळरामनं दाराच्या चौकटीवरचा हात खाली घेतला.

"मी म्हटलं लोकायले, टोप्या लावून देतो, आता काई होत नाई. कोनी आयकत नाई. रंगच पायजे म्हनते." तिनं मास्क उचलला, त्याचे पट्टे ओढून पाहिले आणि डोक्यावरून घातला. त्याच्याआडून तिचा आवाज बदलून आला. "तुमी तिकडं जाऊन बसा, बाबा. तुमाले हा वास चालत नाई."

तिनं त्याला हलकेच बाजूला केलं आणि दार लावून घेतलं.

केवळराम रस्ता ओलांडून टिकारामकडे गेला. टिकारामनं बसायला एक जुना टायर पुढे सरकवला. थोड्या वेळानं समोरच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर सुरू झाला. केवळराम ताडकन उठून उभा राहिला. पण त्या दारापाशी जायची त्याला डॉक्टरची मनाई होती आणि थांबवायला आता त्याच्याजवळ शब्द उरला नव्हता, म्हणून तो तिथेच उभा राहिला.